तुमचे प्रश्न : हट्ट, धाक, बक्षीस आणि पावलोवचे कुत्रे

मागच्या अंकात सवयींबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर भरपूर पत्रं आली. बरीचशी मुलांच्या हट्टाबद्दल होती आणि त्यात फिरून फिरून एक वाक्य होतं, "स्वभावच असा आहे त्याचा". हे वाक्य मी या महिन्यापुरतं बाजूला ठेवणारे. स्वभाव असतो, नाही कोण म्हणतंय, पण स्वभाव म्हटलं की विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा ती गोष्ट घडायच्या आधी काय झालं आणि घडल्यावर लगेच काय मिळालं एवढं बघितलं तरी हातात काहीतरी लागतं. पत्रं थोडी कापलीत, नावं गाळलीत, घरातल्या गोष्टी आहेत म्हणून.

ताई, मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण पेपरात उदाहरण आलं की कुठलं कुठलं ते कळत नाही, गोंधळ होतो. काहीतरी सोपं सांगा ना.
– विद्यार्थिनी, लातूर

अभिसंधान म्हणजे अनुभवाने एक गोष्ट दुसरीशी जोडून शिकणं. उदाहरण वाचलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, समोरच्याने काही केलं म्हणून पुढची गोष्ट घडली, की त्याने काहीही केलं असतं तरी ती घडणारच होती?

रशियातला शास्त्रज्ञ पावलोव आधी आवाज करायचा आणि मग कुत्र्यांना खाणं द्यायचा. त्या कुत्र्यांनी लाळ गाळली म्हणून त्यांना खाणं मिळत नव्हतं. लाळ गाळा नाहीतर नका गाळू, खाणं येणारच होतं. कुत्रं फक्त एवढंच शिकलं की अमुक आवाज झाला की खाणं येतं, आणि शरीर आपोआप तयारीला लागलं. हे अभिजात. याच्या उलट थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांजरी. १८९८ सालचं काम आहे, भुकेली मांजर पेटीत बंद, बाहेर खाणं ठेवलेलं, आणि आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला तरच दार उघडणार. मांजर आधी ओरबाडते, चावते, धडका मारते, त्या गडबडीत कधीतरी चुकून दोरी ओढली जाते आणि सुटका होते. पुढच्या वेळी थोडा कमी वेळ, त्याच्या पुढच्या वेळी अजून कमी. इथे मांजरीने केलं म्हणून दार उघडलं, हे साधक. पुढे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच काम उंदीर आणि कबुतरं घेऊन इतकं बारकाईने केलं की आज साधक म्हटलं की त्याचंच नाव येतं.

आता पावलोवबद्दल थोडं जास्त सांगते कारण पुस्तकात ते फार चपटं करून टाकलेलं असतं. हा माणूस मानसशास्त्रज्ञ नव्हताच, शरीरशास्त्रवाला होता, १९०४ चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं, कुत्रं-घंटेसाठी नाही. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी ऑपरेशन करून गालातून बाहेर काढायची आणि लाळेचे थेंब मोजायचे अशी पद्धत होती. मोजता मोजता दिसलं की खाणं तोंडात जायच्या आधीच, नुसतं भांडं दिसलं किंवा रोजचा माणूस आला तरी लाळ सुरू होते. दुसऱ्या कोणी वैतागून त्या नोंदी फेकून दिल्या असत्या, हा त्याच्याच मागे लागला आणि उरलेलं आयुष्य त्यात घातलं. आणि ती प्रसिद्ध घंटा! ती त्यातल्या त्यात कमी वापरली, जास्त करून मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवे, कातडीला स्पर्श असलं सगळं असायचं. पेपरात घंटा लिहिलीस तरी मार्क जाणार नाहीत, घाबरू नकोस.

अजून एक, जे बऱ्याच नोट्समध्ये नसतं. दोन गोष्टी नुसत्या एकत्र आल्या की शिकणं होतं असं नाहीये. रेस्कोर्ला नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकात उंदरांवर दाखवलं की आवाजाबरोबर शॉक बसतो, पण आवाज नसतानाही शॉक तेवढाच बसत असेल, तर उंदीर त्या आवाजाला घाबरायला शिकत नाही. म्हणजे जोडी जमणं पुरेसं नाही, त्या खुणेवरून पुढचं काहीतरी *कळायला* पाहिजे. हे एक वाक्य उत्तरात टाकलंस तर तपासणाऱ्या मॅडम नक्की थांबून वाचतील.

आणि खऱ्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात म्हणून तुझा गोंधळ होतो. मोबाइल टिंग वाजला की छातीत जे हलकंसं हलतं ते अभिजात, आणि हात जाऊन तो उचलतो, कारण उचलल्यावर कधीकधी हव्या त्या माणसाचा मेसेज असतो, ते साधक.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. वाण्याच्या दुकानात गेलं की चॉकलेट पाहिजे म्हणून सरळ जमिनीवर आडवा पडतो. मी काही लाड करणारी आई नाहीये, बहुतेक वेळा देत नाहीच, अगदीच लोकं बघायला लागले तरच देते. तरी कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. सासूबाई म्हणतात हट्टी आहे, बापावर गेलाय.
– एक आई, डोंबिवली

बापाला सोडा हो, त्याचा यात काही दोष नाही. तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य आहे "बहुतेक वेळा देत नाहीच". तुम्हाला वाटतं हे कडक वागणं आहे. पण हट्ट पक्का करायची याच्याहून चांगली पद्धत शोधून सापडणार नाही.

स्किनरचा एक किस्सा आहे, त्यानेच लिहून ठेवलाय. उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी मिळायची, आणि त्या गोळ्या तो स्वतः बनवायचा, फार किचकट काम. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की आता बसून गोळ्या केल्या नाहीत तर सोमवारपर्यंत साठा संपणार. तेव्हा त्याने विचार केला, प्रत्येक दाबण्याला गोळी द्यायलाच पाहिजे असं कुठेय? मिनिटाला एकच देऊन बघू. आणि उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे त्याने आणि फर्स्टरने यावर मोठं पुस्तकच लिहिलं, १९५७ साली, कधी दर ठरावीक दाबण्यांना बक्षीस, कधी ठरावीक वेळाने, कधी काही ठरलेलंच नाही. सगळ्यात जोरात आणि सगळ्यात चिकाटीने काम कधी होतं माहितीये? कितव्या वेळेला मिळेल याचा पत्ता नसतो तेव्हा. कॅसिनोतलं नाणं टाकायचं मशिन याच तत्त्वावर चालतं. ज्याला दर वेळी मिळत होतं त्याचं मिळणं बंद झालं तर त्याला पटकन कळतं की बंद झालंय. ज्याला अधूनमधून मिळत होतं त्याला कसं कळणार? त्याला वाटणार अजून थोडं, आता मिळेल. तुमचं बाळ तेच करतंय, आणि तुम्ही कधी देता? सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला की, लोक बघायला लागले की. म्हणजे थोडं रडून काही मिळत नाही, जोरात पडून रडलं की मिळतं, हे त्याला तुम्हीच शिकवलंत. रागावू नका, सगळ्याच घरात होतं.

आता यातली दुसरी बाजू, जी कोणी सांगत नाही. चॉकलेट दिल्यावर काय होतं? रडणं थांबतं, लोकांच्या नजरा थांबतात, तुम्हाला हुश्श होतं. म्हणजे बक्षीस तुम्हालाही मिळालं! त्रासदायक गोष्ट थांबली म्हणून आपण जे केलं ते पुढच्या वेळी परत करतो, याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. शिक्षा वेगळी आणि हे वेगळं. शिक्षेने वागणं कमी होतं, याने वाढतं. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत ते जे पीं पीं वाजत राहतं ना, ते थांबवायला आपण बेल्ट लावतो, तसं. तर दुकानात तो तुम्हाला शिकवतोय आणि तुम्ही त्याला, दोघांची शाळा एकाच वेळी चालू आहे.

काय करायचं? द्यायचं नाही असं ठरवलं तर खरंच द्यायचं नाही, पण आधीच सांगून ठेवते, पहिले काही दिवस हट्ट *वाढेल*. लिफ्टचं बटण चालत नसेल तर आपण शांतपणे जिना चढत नाही, आधी चार वेळा जोरजोरात बटण दाबतो, तसं आहे ते. मिळणं बंद झालं की आधी जोर वाढतो आणि मग उतरतो. नेमकं इथेच लोक हरतात, "बघ, याने काही फरक पडत नाही" म्हणून वाढलेल्या हट्टाला चॉकलेट देतात आणि झालं, आता नवी पातळी पक्की. त्यामुळे तुमची तयारी नसेल, पाहुणे आहेत, तुम्ही आजारी आहात, तर सुरूच करू नका. त्या दिवशी त्याला दुकानात नेऊ नका इतकं सोपं.

आणि नुसतं बंद करू नका, त्याला दुसरा रस्ता द्या. घरातून निघतानाच सांगा, "आज चॉकलेट घ्यायचं नाहीये, तू बिस्किटांचा पुडा उचलून काकांना द्यायचास". किंवा "आज घ्यायचंय, पण आडवं न पडता मागायचं", आणि नीट मागितलं की *लगेच* द्या, घरी गेल्यावर नाही. लहान मुलांत हा लगेच फार महत्त्वाचा असतो, संध्याकाळी दिलेलं बक्षीस सकाळच्या वागण्याला चिकटत नाही. सासूबाईंनाही यात घ्या बरं का, नाहीतर तुमच्याकडे शून्य आणि आजीकडे अधूनमधून, म्हणजे परत तेच मशिन.

एवढं सगळं सांगून एक गोष्ट, साडेतीन वर्षांचं मूल भुकेलं, झोपेला आलेलं असेल तर ते कुठल्याही तत्त्वाशिवाय आडवं पडेल. दुपारी चारला दुकानात नेऊन बघा आणि मग मला सांगा. आणि तो स्वतःला लागेल इतकं डोकं आपटत असेल, श्वास रोखून निळा पडत असेल, तर हे कॉलम सोडा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

काही वर्षांपूर्वी लग्नात कोळंबीचं कालवण खाल्लं आणि रात्रभर उलट्या. नंतर कळलं की घरात सगळ्यांनाच तापाची साथ होती, ज्यांनी कोळंबी खाल्ली नव्हती त्यांनाही झालं. मला हे सगळं माहितीये तरी आजही वास आला की पोटात ढवळतं. कोकणातला माणूस आणि कोळंबी खात नाही, लोक हसतात. हे मनाचे खेळ आहेत का?
– एक वाचक, रत्नागिरी

मनाचे कमी, पोटाचे जास्त. आणि तुमच्या नशिबाने हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे.

जॉन गार्सिया नावाच्या संशोधकाने १९५५ च्या सुमाराला उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी प्यायला देता देता किरणोत्सर्गाचा मारा केला, ज्याने त्यांना नंतर मळमळायला लागलं. त्यानंतर उंदरांनी गोड पाणी टाकलं. तेव्हाच्या पंडितांना हे पटेना कारण शिकायला खूण आणि परिणाम यात काही सेकंदांचं अंतर लागतं, कित्येक वेळा जोडी जमवावी लागते असं सगळे मानून बसले होते, आणि इथे खाणं आणि मळमळ यात तासांचं अंतर, तरी एका फटक्यात काम. मोठमोठ्या नियतकालिकांनी त्याचे पेपर परत पाठवले. १९६६ साली त्याने आणि कोलिंगने अजून भारी प्रयोग केला. उंदीर पाणी पिताना चव पण आहे, दिवा लागतो, आवाज पण होतो. काही उंदरांना नंतर आजारी पाडलं, काहींना पायाला शॉक दिला. आजारी पडलेल्यांनी *चव* टाळली, दिवा-आवाजाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शॉकवाल्यांनी दिवा-आवाज टाळला, चव बिनधास्त घेतली. म्हणजे कुठलीही खूण कुठल्याही परिणामाला चिकटत नाही. पोट बिघडलं की मेंदू खाल्लेल्याकडे बोट दाखवतो, त्या रात्री बँडवाला कोण होता याच्याकडे नाही.

म्हणून तुम्हाला साथीची माहिती असून उपयोग होत नाही. हे शिकणं त्या माहितीला विचारून होतच नाही. विषारी काही खाऊन वाचलेल्या प्राण्याने दुसऱ्यांदा चव घेऊन खात्री करत बसावं असं निसर्गाला परवडत नाही, त्यामुळे चार निरपराध कोळंब्या फुकट गेल्या तरी चालतात.

याचा एक फार कामाचा उपयोग झालाय. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी वेगळ्या चवीचं आइस्क्रीम दिलं तर ती पुढे तेच आइस्क्रीम नको म्हणतात, हे आयलीन बर्नस्टाइनने १९७८ मध्ये दाखवलं. मग पुढे असं करून बघितलं की जेवण आणि औषध यांच्या मध्ये एखादी जोरकस, अनोळखी चवीची गोळी चघळायला द्यायची, म्हणजे सगळा दोष त्या गोळीवर जातो आणि रोजचं जेवण वाचतं. कोणाच्या घरी उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून बघण्यासारखं आहे, निदान त्या दिवशी पेशंटचा आवडता पदार्थ लाडाने करून घालू नका, तोच हातचा जाईल.

तुमच्याबद्दल म्हणाल तर, परत खायचीच असेल तर कालवणाकडे जाऊ नका. वेगळ्या रूपात, भरपूर भूक असताना, एखादीच. सुकी, कुरकुरीत तळलेली, रवा लावून. काही झालं नाही की परत काही दिवसांनी. नसेल खायची तर बांगडा आहे की.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या काळी छडी होती म्हणून पाढे पाठ होते. आता कायद्याने हात लावायचा नाही आणि पोरांना सत्तावीसचा पाढा येत नाही. तुमचं मानसशास्त्र छडीच्या विरोधात का असतं? छडीने शिकतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.
– गुरुजी, सातारा जिल्हा

गुरुजी, नमस्कार. कायदा तुम्हाला माहीतच आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. पण तुम्ही कायद्याचं नाही, उपयोगाचं विचारलंय, तर त्याचंच बोलू.

छडीने वर्ग शांत होतो हे खरंय, लगेच होतो, आणि म्हणूनच ती सुटत नाही. वरच्या डोंबिवलीच्या पत्रात जे लिहिलंय तेच, छडीचं बक्षीस मारणाऱ्याला ताबडतोब मिळतं. प्रश्न नंतरचा आहे. स्किनरने १९३८ च्या पुस्तकात दिलंय, दांडी दाबून गोळी मिळवायला शिकलेल्या उंदरांच्या गोळ्या बंद केल्या, आणि काहींना सुरुवातीला दांडी दाबली की पंजावर फटका बसेल असं केलं. फटका खाल्लेले तेवढ्यापुरते थांबले, पण फटके बंद झाल्यावर हळूहळू सगळी कसर भरून काढली, शेवटी एकूण दाबणं जवळपास सारखंच. सवय मेली नव्हती, दबून बसली होती. तुम्ही वर्गातून बाहेर गेल्यावर काय व्हायचं ते आठवून बघा.

शिक्षा काय करू नये ते सांगते, काय करावं ते सांगत नाही. छडीने "चुकीचं उत्तर देऊ नको" कळतं, बरोबर उत्तर कसं काढायचं ते नाही, आणि चुकीचं उत्तर न द्यायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हात वर न करणं, नजर चुकवणं, शाळेलाच न जाणं. दुसरं, छडी बसते तेव्हा पावलोवचं कामही त्याच वेळी चालू असतं. छडीच्या आधी काय यायचं? गणिताचं पुस्तक, फळ्यावरचे आकडे, तुमच्या चपलांचा आवाज. पाढे पाठ झाले असतील हो, पण आज पन्नाशीतले कितीतरी लोक साधा हिशोब आला की "मला गणित जमत नाही" म्हणून मागे सरतात, ते कुठून आलं? ते मात्र तुमच्या डोळ्यांसमोर झालं नाही, घरी जाऊन झालं.

पाढ्यांसाठी रोज पाच मिनिटं, थोडं थोडं, चुकलं की लगेच बरोबर करून सांगणं आणि जमलं की लगेच कौतुक, एवढं पुरतं. तुमच्या काळी कवायतीसारखे सगळे मिळून पाढे म्हणायचे ना, माझ्या मते काम त्याने झालं आणि श्रेय छडीने खाल्लं.

मुंबईत हॉर्न वाजवला की सिग्नल लाल राहतो असं काहीतरी केलं होतं ना? ते कुठल्या प्रकारात बसतं? आणि चाललं का नाही ते?
– एक वाचक, ठाणे

२०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी त्याचा व्हिडिओ काढला होता, सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं, ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून. साधक अभिसंधान आहे, शिक्षेचाच प्रकार, काही वाईट द्यायचं नाही पण हवी असलेली गोष्ट (इथे हिरवा दिवा) लांबवायची. कल्पना म्हणून मला फार आवडली. अडचण एकच, हॉर्न वाजवतो एक आणि थांबतात सगळे, म्हणजे गप्प बसलेल्यालाही तीच शिक्षा, मग गप्प बसून फायदा काय असं त्याला वाटू शकतं. आणि असलं यंत्र प्रत्येक चौकात, रोज लागतं. नाहीतर लोक एवढंच शिकतात की *या* सिग्नलला वाजवू नका.

आमच्या सोसायटीत मुलीच्या अंगावर कुत्रा धावून आला, चावला नाही. आता ती मांजर, बकरी, अगदी केसाळ टेडीलाही घाबरते. हे म्हणतात धरून एकदा कुत्र्याला हात लावायला लावू, भीती मोडेल.
– एक आई, पुणे

यजमानांना सांगा, थांबा. भीती कुत्र्यावरून मांजर-टेडीवर पसरणं अगदी नेहमीचं आहे. १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एका तान्ह्या बाळावर जो प्रयोग केला त्यात असंच झालं. पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी सळीवर हातोडा मारायचा, मग बाळ उंदराला घाबरायला लागलं, आणि सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालाही. ती भीती काढायच्या आधीच बाळाला तिथून नेलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये, मला तो शिकवतानाही कसंतरी होतं.

तुमच्या कामाची आहे ती मेरी कव्हर जोन्स ही मानसशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये तिने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब. मग रोज थोडा जवळ, पण इतकाच की त्याचं खाणं थांबणार नाही. शिवाय न घाबरणारी मुलं सशाशी खेळताना त्याला दिसायची. मध्येच पीटरला स्कार्लेट फीवर झाला, दवाखान्यातून घरी जाताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळं पाणी फिरलं, परत पहिल्यापासून. तरी शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला.

तुम्ही तेच करा. आधी कुत्र्यांची चित्रं, मग गच्चीतून खाली दिसणारा कुत्रा, मग लांबून एखादा म्हातारा, शांत, पट्ट्याला बांधलेला. प्रत्येक पायरीला तिच्या आवडीचं काहीतरी चालू असू दे. ती आखडली की एक पायरी मागे. जबरदस्तीने हात लावला आणि त्याच वेळी कुत्रा भुंकला तर? बापाच्या हाताचीही भीती त्यात मिसळेल. मध्येच भीती परत उसळली तर घाबरू नका, विसरलेल्या भीतीची ती सवयच असते, दुसऱ्यांदा लवकर उतरते.

मुलगा दहा वर्षांचा, आम्ही न्यू जर्सीला असतो. त्याने मराठी पुस्तकं वाचावी म्हणून एका पुस्तकाला दोन डॉलर ठरवले. आधी धडाधड वाचली, आता पैसे नको म्हणतो आणि पुस्तकंही नको म्हणतो. काय चुकलं?
– एक बाबा

त्याला आधी वाचायला आवडत होतं का? तेच तुम्ही लिहिलं नाहीये, आणि सगळं त्यावर आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत स्केचपेन आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान सर्टिफिकेट मिळेल. काहींना अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी वर्गात नुसते स्केचपेन ठेवले तेव्हा आधी सांगून बक्षीस मिळालेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याशी घालवला. खेळाचं काम झालं की काय होतं ते हे. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. याची उलटी गंमत इस्रायलच्या हैफात झाली, पाळणाघरात मूल न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर *वाढला*, लोकांना वाटलं आता पैसे देतोय ना. दंड काढला तरी उशीर कमी झाला नाही.

पण ज्याला मुळात आवडतच नाही, अक्षरं जुळवतानाच दमतो, त्याला सुरुवातीला छोटं बक्षीस द्यायला हरकत नसते, वाचता यायला लागल्यावर ते हळूच काढून घ्यायचं. परदेशात वाढलेल्या मुलाला मराठी वाचणं म्हणजे खरोखर कष्ट आहेत, तुम्हाला वाटतं तेवढं ते मजेचं नाहीये. शिवाय दोन डॉलर *पुस्तकाला* म्हटलं की हुशार मूल सगळ्यात पातळ पुस्तक उचलणार, मीही उचललं असतं. आता काही दिवस विषयच काढू नका. रात्री तुम्ही वाचून दाखवा, गोष्ट ऐन रंगात आली की झोप आली म्हणून पुस्तक उशीशी ठेवून निघून जा.

आमचे हे मॅच चालू असताना कोणाला जागा बदलू देत नाहीत. विकेट पडली की "तू आत का आलीस" म्हणून माझ्यावर ओरडतात. यावर काही औषध?
– एक गृहिणी, कोल्हापूर

औषध नाही, पण सोबत आहे. स्किनरने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने खाणं द्यायला सुरुवात केली, कबुतर काहीही करो, खाणं त्या वेळेला येणारच. तरी आठातली सहा कबुतरं काहीतरी एकच करत बसली, एक घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल गोल फिरत होतं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात मान खुपसत होतं. जणू आपल्यामुळेच खाणं येतंय. पुढच्या संशोधकांनी १९७१ मध्ये यावर शंका काढली, म्हणाले खाण्याची वाट बघताना कबुतरं तशीही अशीच चाळे करतात, त्यात योगायोगाचं बक्षीस वगैरे काही नाही. तो वाद मोठा आहे. तुमच्या ह्यांच्यासाठी मात्र दोन्ही बाजू चालतील.

एक करून बघा. पुढच्या मॅचला आपल्याकडून चौकार गेला की बरोबर त्याच क्षणी आत या आणि म्हणा, "बघा, मी आले आणि फोर गेला". दोन-तीनदा जमलं की तेच तुम्हाला हाक मारून बोलावतील. चहा मात्र त्यांना करायला लावा.